अण्णांची सोमवारची वही

सोमवार हा बँकेतल्या माणसाच्या दृष्टीने वैऱ्यावरही येऊ नये असा वार. शनिवारी दुपारी बंद झालेली शाखा सोमवारी सकाळी उघडली, की दीड दिवस खोळंबलेली माणसे एकदम आत शिरतात. पेन्शनवाले, गुळाचे व्यापारी, ड्राफ्ट काढायला आलेले शिक्षक, सगळ्यांनाच घाई. अठरा वर्षे मी हे सोमवार काढले. तरीही नोकरीतले जे थोडे दिवस आज सुखाने आठवतात, ते बहुतेक सोमवारच आहेत. याचे कारण सांगायला मी पूर्वी थोडा लाजत असे. आता साठी उलटून बरीच वर्षे झाली, तेव्हा सांगायला हरकत नाही. कारण होते दूरदर्शनवरची एक परदेशी मालिका.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. वय पंचवीस. गावात टीव्ही नवाच होता. कौलांवर बांबूला बांधलेली अँटेना, वाऱ्याने ती फिरली की पडद्यावर मुंग्या, मग घरातला एक मुलगा वर आणि बाकीचे खालून ओरडताहेत, "आलं, आलं... गेलं!" ही कसरत ज्यांनी केली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

त्या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' दाखवीत. एंटरप्राइज नावाचे अवकाशयान, त्याचा धडाडीचा कप्तान कर्क, टोकदार कानांचा आणि भावनांना थारा न देणारा मिस्टर स्पॉक, सदा चिडलेला डॉक्टर मॅकॉय. यान दर आठवड्याला नव्या ग्रहापाशी जाई आणि नव्या संकटात सापडे. संवाद अमेरिकन वळणाचे. निम्मे कळत, निम्मे आपणच लावून घ्यायचे.

सोमवारी दोन वाजता ग्राहकांची वेळ संपे. रोकड जुळली की अडीचच्या सुमारास मागच्या खोलीत डबे उघडत आणि आदल्या दिवशीच्या भागाची चर्चा सुरू होई. या बैठकीचे अध्यक्ष आमचे हेडकॅशियर. सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर, बोटांना नोटा मोजण्याच्या स्पंजाचा ओलावा कायमचा. इंग्रजी जेवढ्यास तेवढे. पण स्पॉक हा माणूस, म्हणजे अर्धा माणूस, आमच्यात सर्वांत आधी त्यांना कळला. "हा जन्मजात कॅशियर आहे," असा निकाल त्यांनी पहिल्याच महिन्यात दिला. "समोरचा रडो, ओरडो, साहेबाची ओळख सांगो, हा बेरीज सोडत नाही."

आमच्या टंकलेखिका बाईंकडे टीव्ही होता, पण त्यांना तो दिसत नसे. रविवारी सकाळी घरात नऊ माणसांचा स्वयंपाक. बाहेरच्या खोलीतला आवाज तेवढा त्यांना फोडणीतून ऐकू येई. त्या सोमवारी म्हणत, "काल कुणीतरी फार मोठ्यांदा किंचाळलं. कोण ते सांगा, मग मी पोळी खाते." आम्ही त्यांना अख्खी गोष्ट सांगत असू. सांगताना तिघांच्या तीन गोष्टी होत आणि तिथून वाद सुरू होई.

शिपायाने एकदा विचारले, "हे एवढं मोठं यान कधी जमिनीवर का उतरत न्हाई? मानसंच का अशी इरघळून खाली जात्यात?" आमचे शेतकी अधिकारी विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी गुरुत्वाकर्षणावर व्याख्यान दिले. अण्णा शांतपणे म्हणाले, "खर्च वाचवतात रे." पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आले, की अण्णांचेच खरे होते. दर आठवड्याला एवढे यान ग्रहावर उतरवण्याचे चित्रीकरण निर्मात्यांना परवडणारे नव्हते, म्हणून माणसे विरघळवून खाली पाठवण्याची युक्ती निघाली.

आणखी एक गोष्ट अण्णांनी हेरली होती. "ग्रहावर उतरणाऱ्यांत ज्याचं नाव आपण आधी कधी ऐकलं नाही, तो परत येत नाही." अमेरिकेतल्या चाहत्यांत हा विनोद लाल शर्टावरून प्रसिद्ध आहे. लाल शर्टाचा अनोळखी शिपाई खाली उतरला की त्याचे भरलेच म्हणून समजा. आमच्या कृष्णधवल टीव्हीवर सगळेच शर्ट करडे. अण्णांनी रंगाशिवाय गणित सोडवले होते.

हे सगळे ते लिहून ठेवीत. कपाटात एक जुने, कोरे उरलेले रजिस्टर होते, त्याच्या पानांवर अण्णांनी दोन रकाने आखले होते, जमा आणि नावे. वर तारीख आणि मालिकेच्या भागाचे नाव, म्हणजे आम्हाला जसे ऐकू आले तसे. भागात जे पटले ते जमा, जे पटले नाही ते नावे, आणि तळाशी शिल्लक. आमच्यापैकी कुणी चांगला मुद्दा काढला तर कंसात त्याचे आद्याक्षर. त्या पुस्तकी अक्षरात आपले आद्याक्षर यावे म्हणून मी रविवारी किती बारकाईने टीव्ही पाहत असे, ते आठवून आता हसू येते.

त्यातला एक भाग मला संपूर्ण आठवतो. ट्रिबल नावाचे केसाळ, गोंडस, गुरगुरणारे गोळे यानात येतात. खायला मिळाले की पिल्ले देतात आणि बघता बघता सगळे यान भरून टाकतात. शेजारच्या अवकाश स्थानकावर धान्याचे कोठार असते, तिथेही ते शिरतात. धान्याचे नाव उच्चारताच शेतकी अधिकारी खुर्चीवरून उठले होते म्हणे. गहू आणि राय यांच्या संकरातून निघालेले ट्रिटिकेल नावाचे पीक खरोखरच असते, आणि मालिकेतले धान्य त्याचेच पुढचे काल्पनिक वाण. "आपलं पीक टीव्हीवर!" असे ते सोमवारभर सांगत होते.

कप्तान कोठार उघडतो तेव्हा ट्रिबलांचा ढीग त्याच्या अंगावर कोसळतो. स्पॉक तत्काळ आकडा सांगतो, १७,७१,५६१. हिशेब असा, की सुरुवातीला एक ट्रिबल, दर बारा तासांनी प्रत्येकाला सरासरी दहा पिल्ले, आणि मुदत तीन दिवस. शेतकी अधिकाऱ्यांनी तो आकडा पंचांगाच्या मागच्या पानावर टिपून आणला होता. अण्णांनी पेन्सिल काढली. तीन दिवसांत बारा तासांचे सहा हप्ते. एकाला दहाने सहा वेळा गुणले तर उत्तर येते १० लाख. फरक ७,७१,५६१. अण्णांचा चेहरा उतरला. स्पॉक चुकतो हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते आणि फरक राहिलेला हिशेब मिटवून घरी जाणे त्यांच्या रक्तात नव्हते. मंगळवारी सकाळी शाखा उघडायच्या आधी ते दारात उभे. डोळे तारवटलेले, चेहरा उजळलेला. "साहेब, मुद्दल धरायचं राहिलं होतं! पिल्लं दहा, पण मूळचं ट्रिबल कुठं गेलं? ते आहेच की. दहा आणि एक अकरा. अकराने गुणा!" आम्ही गुणले. ११, १२१, १३३१, १४,६४१, १,६१,०५१, १७,७१,५६१. पैचाही फरक नाही. चक्रवाढ व्याजाचे इतके सुंदर उदाहरण मी पुढे कुठल्याही प्रशिक्षण वर्गात ऐकले नाही. वहीत त्या दिवशी 'जमा'कडे तो आकडा लाल शाईने लिहिला गेला. 'नावे'कडे एकच ओळ होती. धान्यात विष कालवलेले असते आणि ते खाऊन ट्रिबल मेलेले सापडतात, तोवर कुणालाच पत्ता नसतो. यावर अण्णांचा शेरा, "गोदामाची तपासणी वेळेवर झालेली नाही." आमची शाखा धान्य तारण ठेवून कर्जे देत असे, हे लक्षात घ्या.

शाखाधिकारी साहेबांना ही बैठक पसंत नव्हती. ते एकदा दारातून म्हणाले, "घोड्याएवढे झालात. पोरांच्या गोष्टी कसल्या चघळता?" आम्ही खाली बघून डबे आवरले. प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. पगार, बढत्या, मुलींची लग्ने हे विषय असताना जी माणसे नाहीत, जे यान नाही, त्यावर आम्ही का बोलतो? त्या वेळी मला वाटे, जगात असला वेडेपणा करणारे आम्ही पाचच.

निवृत्तीनंतर वाचत गेलो तेव्हा कळले, की आम्ही फार मोठ्या बिरादरीचे अगदी लहानसे, आडगावचे सभासद होतो.

'स्टार ट्रेक' अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. प्रेक्षकसंख्या बेताची. दुसऱ्या वर्षीच मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बिजो आणि जॉन ट्रिंबल या दाम्पत्याने चाहत्यांना पत्रे लिहायला लावली. त्या काळात ना घरोघर संगणक ना फुकट फोन. याद्या करायच्या, सूचनापत्रके टपालाने पाठवायची, त्यांनी आणखी दहा जणांना कळवायचे. हेही एक प्रकारचे ट्रिबलच म्हणा. कॅल्टेक या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी जानेवारी १९६८ मध्ये वाहिनीच्या बरबँक येथील कचेरीवर मोर्चा नेला. वाहिनीकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली. अखेर १ मार्च १९६८ रोजी एक भाग संपल्यावर निवेदकाने जाहीर केले, की मालिका पुढच्या वर्षी चालू राहील. आता कृपा करून पत्रे थांबवा, असाच त्याचा मथितार्थ होता.

बँकवाल्याच्या भाषेत हे बुडीत खात्याचे पुनर्वसन झाले. आणि अशा पुनर्वसनात पुष्कळदा होते तेच पुढे झाले. तिसऱ्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री १० ची वेळ मिळाली, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घरी बसतच नसे. पैसा कमी झाला, गोष्टी कमकुवत झाल्या. मूळ निर्माते जीन रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले. ३ जून १९६९ रोजी शेवटचा भाग लागला. दीड महिन्याने माणूस खरोखरच चंद्रावर उतरला, तेव्हा एंटरप्राइज भंगारात निघाले होते. पत्रांनी मालिकेचे आयुष्य वाढवले, तिचा दर्जा वाचवणे पत्रांच्या हातात नव्हते. चाहत्यांची ताकद सांगताना ही मर्यादा सहसा सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

पण तिसऱ्या वर्षामुळे भागांची संख्या ७९ झाली. एवढे भाग हाताशी असले, की गावोगावच्या स्थानिक केंद्रांना ते रोज पुन्हा पुन्हा दाखवता येतात. मालिका खऱ्या अर्थाने घराघरांत गेली ती बंद पडल्यावर. दरम्यान चाहत्यांचे बोलणे चालूच होते. १९६७ मध्येच न्यूयॉर्कमध्ये 'स्पॉकानालिया' नावाचे हौशी नियतकालिक निघाले होते. अशी अंके घरच्या घरी टंकलिखित करून छापायची, आपण सायक्लोस्टाइल म्हणायचो त्याच जातीची. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचे संमेलन भरले. आयोजकांची अपेक्षा काहीशे लोकांची होती, आले हजारो. बंद पडून अडीच वर्षे झालेल्या मालिकेसाठी!

१९७६ मध्ये अमेरिकेचे पहिले स्पेस शटल तयार झाले, त्याचे नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरले होते. चाहत्यांनी पुन्हा लेखण्या उचलल्या, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला आणि शटलचे नाव 'एंटरप्राइज' झाले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते कारखान्याबाहेर आणले तेव्हा मालिकेतले नट समोर उभे होते. ते चाचणीचे यान होते, अवकाशात कधी गेले नाही. आमच्या शिपायाने मात्र समाधान मानले असते, कारण हे एंटरप्राइज उतरायलाच शिकले होते. विमानाच्या पाठीवरून वर नेऊन सोडायचे आणि धावपट्टीवर उतरवायचे, हीच त्याची परीक्षा होती.

याच मालिकेत लेफ्टनंट उहुराचे काम करणाऱ्या निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने १९७७ मध्ये नासासाठी स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना अंतराळवीर होण्याचे आवाहन करीत अमेरिकाभर दौरे केले. शिकागोत वाढलेली मे जेमिसन ही मुलगी तिला टीव्हीवर पाहत मोठी झाली होती. १९९२ मध्ये ती अवकाशात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली आणि १९९३ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेच्या एका भागात तिने छोटी भूमिकाही केली. पोरांच्या गोष्टी म्हणणाऱ्या आमच्या साहेबांना हे सांगायला हवे होते.

आपल्याकडेही ही बोलणी झाली, नाही असे नाही. १९८५ मध्ये 'विक्रम और बेताल' आले, तेव्हा वेताळाच्या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे डबा संपेपर्यंत चालत. १९९४ मध्ये 'चंद्रकांता' आली आणि क्रूरसिंहाचे 'यक्कू' गल्लोगल्ली ऐकू येऊ लागले. ती देवकीनंदन खत्रींच्या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीवरून घेतलेली. १९९७ मध्ये 'शक्तिमान' आला, १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम'. आपल्या मुलांनी सोमवारी शाळेच्या रिक्षात जी चर्चा केली असेल, ती आमच्या मागच्या खोलीतल्या चर्चेपेक्षा कमी दर्जाची नसणार. ती लिहून ठेवणारे अण्णा रिक्षात नव्हते, एवढेच.

लिहून ठेवण्याचा विषय निघाला म्हणून इंग्लंडची गोष्ट सांगतो. खरे तर आजचा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. जगाचे लक्ष तिकडे, म्हणून पुढच्या आठवड्यात पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. तो पहिला भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे आपल्या लखनौचे. मालिकेतला डॉक्टर पोलीस खोक्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रातून काळाच्या पुढेमागे हिंडतो. मालिका अफाट गाजली. आणि तरीही पहिल्या सहा वर्षांतले शंभराच्या आसपास भाग खुद्द बीबीसीकडे उरले नव्हते. ते पुसून टाकले गेले.

कुणी दुष्टपणाने पुसले नाहीत. व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम मनाला येईल तितक्या वेळा दाखवता येत नसत. परदेशी विक्रीसाठी फिल्मवर काढलेल्या प्रतींचे हक्क संपले, की त्याही अडगळ ठरत. जागा कमी, उपयोग नाही, तेव्हा करा नष्ट. १९७८ च्या सुमारास धोरण बदलले, तोवर बरेच काही गेले होते.

मग चाहते पुढे आले. साठच्या दशकात काही शाळकरी मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मालिकेचा आवाज मुद्रित केला होता. घरच्यांना गप्प बसवून, श्वास रोखून. कशासाठी? तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला आणि मित्रांशी बोलायला. या मुलांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार पडद्याचेच फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत, तेही पुष्कळ भागांचे सापडले. आवाज आणि फोटो जोडून लोकांनी हरवलेले भाग पुन्हा उभे केले. २०१६ मध्ये तर एका संपूर्ण हरवलेल्या कथेचा जुन्या आवाजावर नवा चित्रपट रेखाटून काढला गेला. अधूनमधून खऱ्या फिती सापडतात. एक कथा हाँगकाँगहून परत आली, २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग आले. मालिका १९८९ मध्ये बंद पडली होती, ती २००५ मध्ये पुन्हा सुरू केली तीही तिच्यावर वाढलेल्या चाहत्यांनीच.

बीबीसीच्या त्या अनाम कारकुनाविषयी पुष्कळ चाहते रागाने बोलतात. मला बोलता येत नाही. कारण तो कारकून मी आहे.

१९९९ मध्ये मी त्याच शाखेत शाखाधिकारी म्हणून परत आलो. अण्णा निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती. शाखेचे संगणकीकरण व्हायचे होते, त्यासाठी खोली हवी होती, आणि होती ती फक्त रेकॉर्ड रूम. बँकेचे जुने कागद किती वर्षे ठेवायचे याचे नियम असतात. मुदत संपलेल्यांची यादी करायची, दोन अधिकाऱ्यांनी सह्या करायच्या आणि कागद नष्ट करायचे. यादी बत्तीस पानांची होती. मी ती दोन संध्याकाळींत संपवली. व्हाउचरचे गठ्ठे, लेजर, स्क्रोल, डे बुक. एका पानावर नोंद होती, 'रजिस्टर, किरकोळ, जुने. नग १.' मी सही केली. प्रत्यक्ष गठ्ठे पाहायला हवे होते, नियमच तसा आहे. मी पाहिले नाहीत. धूळ होती, उशीर झाला होता.

दोन महिन्यांनी स्टेशनरीचे कपाट आवरताना मला वहीची आठवण झाली. ती तिथे नव्हती. जुन्या शिपायाने सांगितले, "अण्णांनी जाताना रेकॉर्डात ठिवली हुती. म्हनले, हितं सुरक्षित राहील."

अण्णांना मी हे कधीच सांगितले नाही. २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, कादंबऱ्या लिहू लागलो. दिवाळीला त्यांचे पत्र येई, मी उत्तर देत असे. २००९ मध्ये ते गेले.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी माझ्या घरी आली. ती शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "काका, बाबांची एक वही होती, त्यात टीव्हीवरच्या गोष्टी लिहिलेल्या. घरी सगळीकडे शोधली. बँकेत राहिली असेल का?" मी तिला खरे ते सांगितले. बत्तीस पाने, दोन संध्याकाळी, माझी सही. ती काही बोलली नाही. चहा घेतला. मग म्हणाली, "तुम्हाला त्यातलं काही आठवतं का?"

मी ट्रिबलांची गोष्ट सांगू लागलो. तिने मधेच थांबवले. "ही मला पाठ आहे. बाबा रात्री सांगायचे. आमच्याकडे टीव्ही नव्हता, ते शेजारी जाऊन बघायचे. अकराने का गुणायचं ते मी चौथीत शिकले, ते त्या उंदरांमुळे." अण्णांनी मुलीसाठी ट्रिबलांचे उंदीर केले होते. आणि त्यांच्या गोष्टीत शेवटी गोदामपालाची खातेनिहाय चौकशी होऊन त्याची वेतनवाढ रोखली जाई. तिने अलीकडे मूळ भाग पाहिला, तेव्हा चौकशी आलीच नाही म्हणून तिला चुकल्यासारखे वाटले.

त्या दिवशी मी शेतकी अधिकाऱ्यांना फोन लावला. ते आता पुण्यात मुलाकडे असतात, ऐकायला कमी येते. टंकलेखिका बाईंचा पत्ता मिळाला. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, पण कोण कधी किंचाळले ते त्यांना नीट आठवते, कारण त्यांनी तेवढेच ऐकले होते. शिपाई आता हयात नाही. गेले वर्षभर आम्ही फोनवर बोलतो आणि अण्णांची मुलगी लिहून घेते. दोन रकाने, जमा आणि नावे. आतापर्यंत चौदा भाग झाले आहेत. एकाच भागाच्या तिघांच्या तीन गोष्टी होतात, तेव्हा ती तिन्ही लिहिते.

ती वही काही अण्णांची नाही. त्यांचे अक्षर, लाल शाई, तळाची शिल्लक यातले काही परत येणार नाही, आणि माझी सही त्या यादीवर कायम आहे. इंग्लंडमधल्या त्या मुलांनी आवाज तरी पकडून ठेवला होता. आमच्याकडे तीन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत आणि एका मुलीने अंथरुणात पडून ऐकलेल्या गोष्टी.

वाचकांना एवढेच विचारायचे आहे. आपल्या घरात, कचेरीत, गाडीच्या डब्यात कुणीतरी अण्णा असेल. मुले एखाद्या मालिकेवर तावातावाने बोलत असतील, ज्यातले आपल्याला ओ की ठो कळत नसेल. त्यांना गप्प करण्याआधी जरा जवळ बसून ऐका. आणि कपाट आवरताना 'किरकोळ, जुने' असे काही हाताला लागले, तर ते एकदा उघडून पाहा.

पुढच्या सोमवारी दुपारी अडीचला फोन ठरला आहे. शेतकी अधिकाऱ्यांना पंधरावा भाग आठवला आहे म्हणे. यान एका ग्रहावर उतरते, असे ते सांगत होते. मी म्हटले, यान कधी उतरत नसे. त्यावर वाद व्हायचा आहे.